बादली कुठं ठेवलीस?

शाळेच्या सुवर्णमहोत्सवाचं निमंत्रण हातात पडलं आणि सगळ्यात आधी आठवली ती बादली.

आमचे चित्रकलेचे सर कोण, हे इथं कुणाला सांगायला नको. नववीला असताना संमेलनाच्या नाटकात मला शिपायाचं काम मिळालं होतं. वाक्य एकच, "साहेब, पाणी आणलं." घरी अहिराणी, त्यामुळे तालमीत तोंडातून "पानी लई उनू" निघायचं आणि अख्खा वर्ग हसायचा. तिसऱ्या दिवशी मी गेलोच नाही. सरांनी व्हरांड्यात गाठलं. म्हणाले, "तुला वाक्यच नको. तू नुसतं विहिरीवरून पाणी शेंद."

मूकाभिनय हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी हवेत दोर ओढला, बादली काढली, चालू लागलो. सर ओरडले, "बादली कुठं ठेवलीस?" खरंच, कुठं ठेवली होती? परत ओढली. "दोर सुंभाचा की नायलॉनचा?" मला काय माहीत! मग रविवारी ते मला त्यांच्या ओळखीच्या केळीच्या मळ्यात घेऊन गेले आणि २० बादल्या खऱ्या पाण्याच्या काढायला लावल्या. हात सोलले. दहाव्या बादलीला कळलं की ओढ हातातून येतच नाही. मागच्या पायातून येते, कंबरेतून वर चढते, हात फक्त धरून असतात. भरलेल्या बादलीकडचा खांदा खाली झुकतो, दुसरा हात आपोआप बाजूला उघडतो. सोमवारी तेच रिकाम्या हातांनी केलं. सर काही बोलले नाहीत, म्हणजे जमलं असावं.

फळ्यावर त्यांनी 'अभिनयदर्पण' या अभिनयावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथातली ओळ लिहिली होती : यतो हस्तस्ततो दृष्टिः. हात जिथे, नजर तिथे. म्हणायचे, नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा, आंगिक म्हणजे अंगाचा, वाचिक म्हणजे बोलण्याचा, आहार्य म्हणजे वेशभूषेचा, सात्त्विक म्हणजे मनातल्या भावाचा. वाचिक काढलं तरी तीन उरतातच की! कथक नाचातली पनघटाची गत, म्हणजे पाणवठ्यावरची चाल, सांगताना घागर डोक्यावर घेऊन वर्गात दोन पावलं चालूनही दाखवायचे. धोतर-टोपीतल्या माणसाची ती चाल बघून आम्ही हसत नव्हतो, हे विशेष. त्यांच्या कपाटात फ्रान्सचा मूकाभिनेता मार्सेल मार्सो याचं मासिकातून कापलेलं चित्र होतं. पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट, चेपलेली टोपी, टोपीत फूल. १९४७ साली त्यानं निर्माण केलेलं ते पात्र, बिप.

संमेलनाच्या रात्री चेहऱ्याला खोबरेल तेलात कालवलेली झिंक ऑक्साइडची पावडर फासली, डोळ्यांत काजळ घातलं. बादली काढून चालू लागलो तर बायकांमधून एक म्हातारी ओरडली, "ओ पोऱ्या, पानी सांडी ऱ्हायनं रे!" मी चपापून बादली सरळ केली. टाळ्या त्यालाच पडल्या.

पुढे कॉलेजात विद्यापीठाच्या युवक महोत्सवात मूकाभिनयात उतरलो. सहा जण आणि पाच मिनिटं. आता भुसावळच्या यार्डात नोकरी करतो. इंजिनांच्या गोंगाटात हाताच्या इशाऱ्यांवरच काम चालतं, आणि माझा इशारा लांबून कळतो असं सगळे म्हणतात. हे कुठून आलं, ते त्यांना सांगत बसत नाही.

हल्ली मुलांचे मूकाभिनय बघवत नाहीत. पाठीमागे सिनेमाचं संगीत ढणढणतं, शेवटी 'पाणी वाचवा'चा फलक. फलकच धरायचा तर अंग कशाला झिजवायचं? असो.

२००७ च्या सप्टेंबरात मार्सो गेल्याचं पेपरात वाचलं आणि सरांना फोन लावला. बातमी सांगितली. पलीकडून आवाजच येईना. मी हॅलो हॅलो करत राहिलो. बऱ्याच वेळानं म्हणाले, "रविवारी ये." गेलो. दोघांनी चहा प्यायला, त्याच्याबद्दल अक्षरही निघालं नाही. निघताना त्यांनी कपाटातलं ते चित्र माझ्या हातात दिलं. घडीवर फाटलंय, पण आहे.

निमंत्रणात लिहिलंय, मनोगत थोडक्यात मांडावे. त्याऐवजी पाच मिनिटं आणि मोकळं स्टेज द्या. सर आता नाहीत, पण बादली कुठं ठेवायची ते पक्कं ठरवून येतो. गुडघ्याचं तेवढं सांगता येत नाही.