गुलाबी आलं म्हणजे झालं?

गेल्या शनिवारी मी आमची बोट हिवाळ्यासाठी बंद करत होतो. दुपारी शेजारचे आजोबा आमच्या ड्राइव्हवेत आले. बोटीच्या मागे ठेवलेल्या टबातल्या गुलाबी अँटिफ्रीझकडे (थंडीत इंजिन फुटू नये म्हणून आत घालायचा द्रव) त्यांनी नजर टाकली आणि विचारलं, "ब्लॉकचे प्लग काढलेस?" ब्लॉक म्हणजे इंजिनाचा बिडाचा मुख्य भाग, आणि प्लग म्हणजे त्यातलं पाणी सोडायची बुचं.

"गरजच नाही पडली. एक्झॉस्टमधून गुलाबी येईपर्यंत इंजिन चालवलं," मी म्हटलं. तासभरापूर्वीच घरच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, त्यामुळे आवाजात जरा रुबाब होता. ते काही बोलले नाहीत. घरी गेले आणि कपड्यांचा हँगर सरळ करून केलेली तार घेऊन परत आले.

इथे अमेरिकेत सगळे त्यांना नावानेच हाक मारतात, माझी दहा वर्षांची मुलगीसुद्धा. मला ते अजून जमत नाही. बोलताना मी संबोधनच गाळतो, लिहिताना आजोबा म्हणतो.

बोट आमची जुनी, ऑफिसातल्या मित्राबरोबर निम्म्या-निम्म्यात घेतलेली. 4.3 लिटरचं व्ही-6 पेट्रोल इंजिन, स्टर्नड्राइव्ह. म्हणजे इंजिन बोटीच्या आत, मागच्या भिंतीला टेकून, आणि गियर-पंखा, म्हणजे आउटड्राइव्ह, भिंतीपलीकडे पाण्यात. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये ही रचना बाजारात आणली. मिनेसोटासारख्या तळ्यांच्या राज्यात अशा बोटी ट्रेलरवर चढवून घराशेजारी उभ्या केलेल्या सर्रास दिसतात.

आमच्या इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नाही. तळ्यातलं पाणी खालून ओढायचं, इंजिनात फिरवायचं आणि धुराबरोबर मागून सोडून द्यायचं. उन्हाळ्यात याहून सोपं काही नाही. पण बोट तळ्यातून बाहेर काढली तरी ब्लॉकच्या पोटात पाणी उरतंच, आणि जानेवारीत पारा उणे वीसच्या खाली जाणं ही इथे बातमीसुद्धा नसते. गोठताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं. बिडाचं लोखंड फुगत नाही, ते तडकतं. आणि कळतं केव्हा? मे महिन्यात. पहिल्यांदा इंजिन चालू केल्यावर तडीतून पाणी मिसळून तेल दुधाळ दिसायला लागतं तेव्हा.

म्हणून ऑक्टोबरात हा सगळा सोहळा. त्याला इथे 'विंटरायझिंग' म्हणतात. ऐकायला मोठं शास्त्र वाटतं. कोकणात पावसाळ्याआधी होड्या शाकारतात, त्यातलाच प्रकार. तेव्हा हंगाम संपल्यावर बोटीची काळजी घ्यायची अक्कल जगात यांनाच आहे असं कुणी मला सांगू नये. फक्त आपल्या होडीच्या पोटात काही गोठत नाही, एवढाच फरक.

आता त्या गुलाबी द्रवाबद्दल, म्हणजे पाण्याच्या जागी इंजिनात घालायच्या अँटिफ्रीझबद्दल. माझा राग सगळा त्या कॅनवर आहे. समोर केवढ्या थोरल्या अक्षरात लिहिलंय: उणे 50. कुणीही वाचून काय समजेल? उणे पन्नासपर्यंत गोठत नाही. मीही तेच समजलो. पहिली गोष्ट, हे उणे पन्नास फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसमध्ये साधारण उणे 46. ठीक, तेवढं मला कळतं. दुसरी गोष्ट मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात: हा आकडा गोठण्याचा नाही, पाइप फुटण्याचा आहे. द्रव उणे दहा-बारा सेल्सिअसच्या आसपासच घट्ट व्हायला लागतो, बर्फाच्या लगद्यासारखा होतो. फक्त तो कडक होऊन जोर लावत नाही, म्हणून फोडत नाही. आणि तिसरी गोष्ट: हे सगळं निर्भेळ द्रवाला लागू. आत उरलेलं पाणी त्यात मिसळलं की आकडा झरझर वर सरकतो, आणि कुठवर सरकला ते कॅनवर लिहिलेलं नसतं. ज्या देशात कॉफीच्या कपावर 'आतला पदार्थ गरम आहे' असं छापतात, त्या देशात ही माहिती मागच्या बाजूला का, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

बायकोचं म्हणणं, "अरे, पण मागची बाजू वाचायला कुणी बंदी केली होती का?" असो.

गुलाबी रंगाचंही एक सांगतो. गाड्यांत पूर्वापार हिरवं अँटिफ्रीझ असतं, ते इथिलीन ग्लायकॉल. विषारी, वर चवीला गोड, त्यामुळे सांडलेलं चाटून कुत्री मरतात. गुलाबी ते प्रोपिलीन ग्लायकॉल, त्यामानाने पुष्कळ निरुपद्रवी. वसंतात पहिल्यांदा इंजिन सुरू केलं की हे सगळं बाहेर पडतं, त्यामुळे बोटीत गुलाबीच घालायचं. हे मात्र यांचं मला मनापासून आवडतं.

तर आजोबा इंजिनावर वाकले. उजवीकडचा प्लग पान्याने काढला. काहीच आलं नाही, एक थेंबही नाही. "बघा, रिकामाच आहे," मी म्हणालो. त्यांनी भोकात तार घातली, दोनदा फिरवली, गंजाचे खपले पडले, आणि मग तपकिरी पाण्याची धार लागली. दीड-दोन लिटर तरी असेल. मी गुलाबी छटा शोधत होतो. नव्हती.

झालं होतं ते असं. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी-मिटणारी झडप, बंद असतो. साधारण 60 ते 70 अंश सेल्सिअसला तो उघडतो, तोवर बाहेरून ओढलेलं पाणी ब्लॉकमध्ये जातच नाही, वरच्या वर मॅनिफोल्डमधून (इंजिनाचा धूर गोळा करणाऱ्या नळकांड्यातून) एक्झॉस्टला निघून जातं. माझ्या बादलीतलं सगळं गुलाबी याच आडवाटेने गेलं. मी निदान इंजिन तापवलं नव्हतं असं समजू नका! आउटड्राइव्हला पाण्याच्या नळीच्या त्या रबरी वाट्या लावून (त्यांना इथे चक्क इअरमफ्स म्हणतात, म्हणजे कानटोपीच) चांगलं दहा-पंधरा मिनिटं चालवलं होतं. मग तेल बदललं, कारण तेल गरम असतानाच बदलायचं असतं. त्यात तास गेला आणि इंजिन गार झालं. म्हणजे तेलाचं काम नीट केल्याची शिक्षा मला पाण्यात मिळाली. आणि गरम असतं तरी भरवसा नव्हताच, म्हणे. थंडगार अँटिफ्रीझ पोहोचलं की थर्मोस्टॅट पुन्हा मिटू शकतो.

आम्ही पाचही जागा उघडल्या: ब्लॉकच्या दोन बाजू, दोन मॅनिफोल्ड आणि पाण्याच्या पंपाची होज. प्रत्येक ठिकाणी तार. मॅनिफोल्डमधून गुलाबी आलं, तेव्हा आजोबा म्हणाले, "हे मात्र छान केलंस." टोमणा होता की कौतुक, इंग्रजीत मला अजून कळत नाही.

मग मी म्हटलं, आता प्लग लावून थर्मोस्टॅटजवळची होज काढू आणि वरून ब्लॉकमध्ये गुलाबी ओतू. त्यावर ते हसले. ते स्वतः नुसतं रिकामं करून ठेवतात. त्यांचं म्हणणं, हवेने आजवर कुणाचं इंजिन फोडलेलं नाही. माझं म्हणणं, रिकाम्या ब्लॉकला गंज चढतो, अँटिफ्रीझमधली गंजरोधक द्रव्यं तेवढी तरी कामाला येतात. यावर तळ्याकाठी दोन पंथ आहेत आणि दोघांच्याही बोटी मे महिन्यात सुरू होतात. मी ओतलं. माझं इंजिन, माझं गुलाबी.

बाकीची कामं पटापट झाली. पेट्रोल पडून खराब होऊ नये म्हणून त्यात स्टॅबिलायझर आधीच घातला होता. आउटड्राइव्हचं गियर ऑइल खालच्या भोकातून वर भरत आणायचं, म्हणजे हवा अडकत नाही. काढलेलं जुनं तेल काळपट होतं, दुधाळ नव्हतं, सील शाबूत. ड्राइव्ह पूर्ण खाली सोडून ठेवली, त्यातलं पाणी आपोआप निथळतं. बॅटरी घरात आणली. बोटीच्या बुडाचा प्लग तर काढलेलाच होता, कारण मिनेसोटात तो लावून बोट रस्त्यावर नेणं बेकायदा आहे. झेब्रा मसल्स नावाचे शिंपले एका तळ्यातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून. पहिल्या वर्षी मी या नियमाला हसलो होतो.

जाताना आजोबांनी तार माझ्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. माझ्याकडे हँगर पुष्कळ आहेत." एवढी अवजारांनी भरलेली त्यांची गॅरेज, आणि शेवटी काम केलं हँगरच्या तारेने. आपण केलं की त्याला जुगाड म्हणतात.

ग्रुपवरचा फोटो अजून तसाच आहे. धाकट्या भावाने खाली लिहिलंय, "दादा, इंजिनाला रक्त चढवतोयस की काढतोयस?" बाबांनी अंगठा दाखवलाय. पुढे काय झालं ते मी तिथे लिहिलेलं नाही. भाऊ हे वाचेल तेव्हा वाचेल.