आमची वाटचाल : साठ वॅटच्या बल्बपासून सात वॅटच्या दिव्यापर्यंत

आमच्या कामाच्या टेबलावर आजही १०० वॅटचा तारेचा एक बल्ब लावलेला आहे, आणि एलईडीचे दिवे बनवणाऱ्यांकडे हा बल्ब कशासाठी, असे नवा माणूस हमखास विचारतो. या धंद्यातल्या वाचकांना उत्तर ठाऊक असेल. तो सीरिज बोर्डाचा बल्ब आहे, म्हणजे तपासायच्या वस्तूकडे जाणारी वीज आधी या बल्बमधून जाते. नव्याने जोडलेला प्रत्येक ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताचा प्रवाह पुरवणारे सर्किट, आधी त्याच्यामार्गेच विजेला लागतो. सर्व ठीक असेल तर बल्ब क्षणभर लकाकून विझतो, आणि कुठे शॉर्ट असेल तर तो भगभगून पेटतो, पण फ्यूज उडत नाही की कोणाच्या तोंडावर कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) फुटत नाही. ज्या बल्बला घराघरांतून काढून टाकण्यावर आमचे पोट चालते, त्याच्यावाचून आमचे टेबल चालत नाही.

सुरुवात घरच्या टेबललॅम्पपासून झाली. त्यात ६० वॅटचा बल्ब होता आणि रात्री बारीक काम करताना उजेडापेक्षा त्याची धग अधिक जाणवत असे. तारेच्या बल्बमध्ये विजेचा बहुतेक भाग उष्णतेतच जातो. तार सुमारे २५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापते तेव्हा कुठे एका वॅटमागे १० ते १५ ल्युमेन (उजेडाचे माप) पदरात पडतात, आणि साधारण १००० तासांत ती तुटते. मी बंद पडलेल्या सीएफएलची प्लॅस्टिकची बैठक उघडून तिच्यात ५ मिलिमीटरचे ३० पांढरे एलईडी एका रांगेत, म्हणजे सीरिजमध्ये जोडले, पुढे प्रवाह आवरणारा ०.३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि उलटसुलट वाहणारी वीज एका दिशेची करणारा ब्रिज लावला. रांगेतून जेमतेम १५ मिलिअॅम्पिअर प्रवाह वाहत असे आणि सगळा दिवा दीड वॅटचा होता. जिन्यासाठी, कपाटाच्या आत किंवा रात्रभर जळणाऱ्या दिव्यासाठी तो पुरेसा होता. वाचायला मात्र नव्हता. (सीएफएलची बैठक वापरायची असेल तर नळी फोडू नये, तिच्यात पारा असतो. ती न तोडता अलगद वेगळी करावी आणि तशीच योग्य संकलनाकडे द्यावी.)

ते दिवे शेजारीपाजारी लागले आणि वर्षभरात निळसर, मग मंद होत गेले. ५ मिलिमीटरच्या एलईडीतील उष्णता फक्त त्याच्या दोन बारीक पायांतून बाहेर पडते आणि त्याच्या अंगावरचे इपॉक्सी उष्णतेने व उजेडाने पिवळे पडते, हे आम्हाला तेव्हा समजले. त्यानंतर आम्ही १ वॅटचे एलईडी, अॅल्युमिनियमचा बोर्ड आणि मागे उष्णता बाहेर टाकणारा पंखांचा हीटसिंक या वाटेला लागलो. २०१४ सालचे भौतिकशास्त्राचे नोबेल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना निळ्या एलईडीसाठी मिळाले तेव्हा आम्ही ते कात्रण भिंतीवर लावले होते, कारण आमचा पांढरा दिवा म्हणजे निळ्या चिपवर दिलेला पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळा उजेड पिऊन पिवळा देणाऱ्या भुकटीचा, लेप, याहून वेगळे काही नाही.

या काळातले आमचे पहिले खरे गिऱ्हाईक म्हणजे एक टर्नरकाका. त्यांच्या लेथवरचा जुना बल्ब काढून आम्ही आमचा दिवा बसवला आणि चौथ्या दिवशी ते तो हातात घेऊन दारात उभे राहिले. "अहो, तुमच्या दिव्याखाली माझा चक उलटा फिरतो," एवढेच ते म्हणाले. चक म्हणजे लेथवर काम पकडून फिरणारा पंजा, आणि त्याची बोटे म्हणजे जॉ. मला वाटले, गंमत करत आहेत. गंमत नव्हती. आमच्या त्या दिव्यात उजेड सपाट करणारा कपॅसिटर नव्हता, त्यामुळे ५० हर्ट्झच्या विजेवर तो सेकंदाला १०० वेळा उजळत आणि मंदावत होता. तीन जॉचा चक मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल, तर दोन उजळण्यांमध्ये तो बरोबर एक तृतीयांश फेरी पुरी करतो, एका जॉच्या जागी दुसरा येतो आणि चक थांबल्यासारखा दिसतो. वेग किंचित कमी असेल तर तो सावकाश उलटा फिरताना दिसतो. तारेच्या बल्बमध्ये तापलेली तार एवढ्या वेळात निवत नाही, म्हणून जुन्या दिव्याखाली हा भास त्यांना कधी झाला नव्हता. फिरणारे यंत्र थांबलेले समजून कोणी हात घातला असता तर काय झाले असते, हा विचार मी पुढे बरेच दिवस करत होतो. काकांनी मात्र पैसे परत मागितले नाहीत. "नीट करून आणा, मी थांबतो," असे म्हणून ते तीन आठवडे हातदिव्यावर काम करत राहिले. तेव्हापासून आमचा कोणताही दिवा बाहेर पडण्याआधी त्याच्याखाली पेन्सिल वेगाने हलवून पाहिली जाते. पेन्सिलीच्या सुट्या सुट्या प्रतिमा दिसल्या तर दिवा परत टेबलावर येतो.

आता जे सांगायचे आहे ते माझे भागीदार असलेल्या गृहस्थांविषयी. त्यांचे नाव मी लिहिणार नाही. सोल्डरिंगवर त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मान्य करायला मला आजही कमीपणा वाटत नाही. त्यांनी मारलेला टाका आरशासारखा चमकत असे आणि फ्लक्सचा डाग कुठे राहत नसे. आमचा ठरलेला दिवा असा होता : १ वॅटचे सात एलईडी सीरिजमध्ये, ३०० मिलिअॅम्पिअरचा कॉन्स्टंट करंट (प्रवाह कायम एकसारखा ठेवणारा) ड्रायव्हर, आणि सगळी जोडणी स्क्रूची, म्हणजे पुढे काही बिघडले तर तेवढाच भाग बदलता यावा. एका मोठ्या इमारतीच्या जिन्यांसाठी आणि न्हाणीघरांसाठी आम्हाला पहिले मोठे काम मिळाले. नमुना पाहणाऱ्यांना उजेड थोडा कमी वाटला. त्या रात्री भागीदारांनी ड्रायव्हरमधला सेन्स रेझिस्टर, म्हणजे प्रवाह किती हे ठरवणारा भाग, बदलला आणि प्रवाह ४०० मिलिअॅम्पिअरवर नेला. मला त्यांनी हे माल गेल्यावर सांगितले.

पहिल्या दिवशी सगळे खूश होते. दिवे बसले होते ते काचेच्या बंद गोळ्यांत, जिथे हवा खेळायला जागा नव्हती, आणि वाढलेल्या प्रवाहाची उष्णता तिथेच कोंडून राहिली. अशा वेळी एलईडी आधी मरत नाही. आधी ड्रायव्हरमधला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकतो. १०५ अंशांवर २००० तास असे लिहिलेला कपॅसिटर ७५ अंशांवर ठेवला तर तो ढोबळमानाने १६००० तास चालतो, कारण दर १० अंश कमी झाले की आयुष्य सुमारे दुप्पट होते. पण हाच हिशेब उलट दिशेनेही तेवढ्याच निष्ठेने चालतो. पाचव्या महिन्यात पहिला दिवा लुकलुकू लागला, सहाव्या महिन्यात जिनेच्या जिने लुकलुकत होते, आणि आमच्या खोलीत परत आलेल्या दिव्यांची खोकी छताला टेकली.

आम्ही प्रत्येक दिवा स्वखर्चाने बदलून दिला. त्यासाठी ड्रिलस्टँड आणि ऑसिलोस्कोप विकावा लागला, आणि पुढचे दीड वर्ष माझ्याकडे एक मल्टिमीटर, एक सोल्डरिंग आयर्न आणि तो सीरिज बोर्ड एवढीच हत्यारे उरली. जोडणी स्क्रूची होती म्हणून आम्ही तगलो. बोर्ड आणि हीटसिंक तसेच ठेवून फक्त ड्रायव्हर बदलले आणि तेही ३०० च्या खाली, २६० मिलिअॅम्पिअरवर. प्रवाह एवढा घटवल्याने उजेडात पडलेला फरक डोळ्याला जाणवतही नव्हता, आणि ज्या फरकासाठी हा सगळा खटाटोप झाला तोही काही फार मोठा नव्हता, याचे मला अजून वाईट वाटते. भागीदार याच काळात वेगळे झाले. त्यांनी स्वतःचे दिवे काढले, दिसायला आमच्यासारखेच पण गोंदाने बंद केलेले, आणि गिऱ्हाइकांना सांगितले की तो बिघडलेला माल माझ्या देखरेखीखाली बनला होता. त्या मालाच्या चाचणीच्या चिठ्ठ्या माझ्याकडे आहेत. प्रत्येक चिठ्ठीवर सही कोणाची आहे, ते ज्याला पाहायचे असेल त्याने येऊन पाहावे. इतक्या वर्षांत कोणी आलेले नाही.

त्यानंतरची वर्षे ठीक गेली.

घरी स्वतः दिवा जोडू पाहणाऱ्यांना, त्यांनी विचारलेले नसले तरी, दोन-तीन गोष्टी सांगतो. कपॅसिटरवर चालणारे सर्किट विजेपासून वेगळे केलेले नसते. त्याचा कोणताही उघडा भाग जिवंत तार समजावा, आणि धातूच्या अंगाच्या टेबललॅम्पमध्ये ते कधीही बसवू नये. तिथे आयसोलेटेड ड्रायव्हरच हवा आणि अर्थिंगही हवे. त्या कपॅसिटरला समांतर रेझिस्टर लावलेला नसेल, तर दिवा काढल्यानंतरही त्याच्या पिना झटका देतात. एलईडीच्या रांगा समांतर जोडून त्यांना ठरावीक व्होल्टेज देण्याचा मोह टाळावा, कारण एलईडी तापला की कमी व्होल्टेजवर जास्त प्रवाह ओढतो, आणि जी रांग थोडी अधिक तापते तीच अधिक ओढत जाऊन संपते. थर्मल पेस्ट पातळ लावावी. ती लोण्यासारखी थापणारे पाहिले की मला आजही राहवत नाही. बोर्ड आणि हीटसिंक यांमधल्या बारीक खाचा भरण्यापुरतेच तिचे काम आहे.

टर्नरकाकांच्या लेथवरचा दिवा गेल्या पावसाळ्याआधी दुरुस्तीला आला होता. आत काही बिघडले नव्हते, वंगणाच्या तेलाने त्याची मान कडक झाली होती. माजी भागीदारांचे दिवेही आमच्याकडे येतात. गोंद असल्याने ते उघडायला गरम पाते लागते आणि निम्म्या वेळा टोपी तडकते, म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला आधी तशी कल्पना देतो, आणि आत तोच सुकलेला कपॅसिटर सापडतो. आमच्या दुरुस्तीच्या वहीत बनवणाऱ्याच्या नावासाठी एक रकाना आहे. त्यांच्या दिव्यांपुढे आम्ही त्यात 'इतर' असे लिहितो.