दिवसभर बसूनच तर असतो, मग एवढी भूक कशी लागते?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. आहाराचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बैठं काम करणारे बहुतेक जण कधी ना कधी हा प्रश्न विचारतातच, आणि विचारताना जरा ओशाळलेले असतात. काम खुर्चीत, जाणं-येणं बसून, संध्याकाळी दमून पुन्हा बसणंच. ‘अंगमेहनत म्हणून काही नाही हो, तरी दिवसभर काहीतरी तोंडात टाकावंसं वाटतं. असं का होतं?’ हालचाल कमी तर भूकही आपोआप कमी व्हायला हवी, असं त्यांनी मनात धरलेलं असतं. तसं होत नाही म्हटल्यावर दोष आपल्या जिभेचा, असं ते ठरवून टाकतात.

दोष जिभेचा नाही. हालचाल कमी झाली म्हणून त्या मापाने भूक कमी होत नाही. हे आजचं निरीक्षण नाही. पोषणशास्त्रज्ञ ज्याँ मेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कलकत्त्याजवळच्या एका ताग गिरणीतल्या दोनशेहून अधिक पुरुषांचं वजन, काम आणि खाणं त्यांनी तपासलं होतं. एका टोकाला दिवसभर आपल्या दुकानात बसून असणारे आणि कारकून, दुसऱ्या टोकाला पाठीवर ओझी वाहणारे आणि कोळसा उचलणारे. हलक्या कामापासून जड कामापर्यंत गेलं तर अपेक्षेप्रमाणेच दिसलं: जेवढे कष्ट जास्त, तेवढा आहार जास्त. पण हलक्या कामाच्याही अलीकडे, म्हणजे जवळपास न हलणाऱ्यांकडे गेल्यावर आहार पुन्हा वाढलेला होता. सगळ्यात कमी हलणारी माणसं जवळजवळ ओझी वाहणाऱ्यांइतकंच खात होती आणि वजनाने सगळ्यांत भारी होती.

या अभ्यासावर शंका घेता येते. दुकानदार आणि हमाल यांची मिळकत सारखी नव्हती, घरचं ताटही सारखं नसणार. म्हणून मला त्याच्या जोडीला दुसरा एक छोटा प्रयोग महत्त्वाचा वाटतो. सहा सडपातळ पुरुषांना ऊर्जेचा खर्च नेमका मोजता येईल अशा बंद खोलीत सात-सात दिवस ठेवलं. एका आठवड्यात बरीच हालचाल, दुसऱ्यात अगदी कमी. जेवण हवं तेवढं. बैठ्या आठवड्यात त्यांचा खर्च घटला, पण खाणं त्या प्रमाणात घटलं नाही. जे उरलं ते बहुतांशी चरबी म्हणून अंगात साठलं. तीच माणसं, तेच अन्न, फरक फक्त हालचालीचा. माणसं फारच थोडी होती हे खरं, पण इथे मिळकतीचा प्रश्नच येत नाही.

शरीराला पोट रिकामं असल्याचं कळतं, उपास घडला तर ते जोरात ओरडतं. ‘आज आपण फारसे हललो नाही, तेव्हा एक घास कमी’ हे मात्र ते एवढ्या बारकाईने सांगत नाही. तेव्हा भूक लागली म्हणून स्वतःला बोल लावू नका.

हा झाला उत्तराचा एक भाग. दुसरा भाग भुकेचा नाहीच, आणि माझ्या मते तोच मोठा आहे.

कॅनडात 2008 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग मी वारंवार सांगते. विद्यार्थिनींना तीन वेगवेगळ्या वेळी पाऊण तास बसवलं: एकदा नुसतं आरामात, एकदा वाचून त्याचा सारांश लिहायला, एकदा संगणकावर एकाग्रतेच्या चाचण्या सोडवायला. नंतर हवं तेवढं खायची मुभा. डोक्याच्या कामाला ऊर्जा लागली ती आरामापेक्षा नाममात्र जास्त, पण त्यानंतर खाल्लं गेलं ते आरामानंतरच्या खाण्यापेक्षा दोनशे ते अडीचशे कॅलरी जास्त. आणि ‘भूक किती लागली आहे’ या प्रश्नाचं उत्तर मात्र तिन्ही वेळा साधारण सारखंच. म्हणजे डोक्याला ताण देऊन बसलेला माणूस भूक जास्त नसताना जास्त खातो, आणि ते त्याच्या लक्षातही येत नाही. ‘मी कुठे एवढं खातो?’ असं कुणी म्हणालं की मी वाद घालत नाही, त्याचं हेच कारण.

मी लोकांना आहाराची वही ठेवायला सांगते तेव्हा नेहमीच्या रकान्यांशेजारी आणखी एक आखून देते: ‘दुसऱ्या हातात काय होतं?’ एका हिशेबनीस बाईंची वही मला अजून आठवते. सकाळच्या खाण्यापुढे मोबाईल. दुपारच्या जेवणापुढे माऊस. चार वाजताच्या बिस्किटांपुढे पुन्हा माऊस, साडेपाचच्या बिस्किटांपुढे फोनचा रिसीव्हर, रात्रीच्या जेवणापुढे टीव्हीचा रिमोट. रिकामा रकाना संपूर्ण आठवड्यात रविवारच्या दुपारच्या जेवणाचा. आणि त्या दुपारनंतर रात्रीपर्यंत वहीत काहीच नोंद नव्हती. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘रविवारी मी घरीच होते, बिस्किटांचा डबा हाताशी होता, तरी आठवण झाली नाही.’

त्यांच्या वहीत दिसलं त्याला आधार आहे. पडद्याकडे बघत जेवलेला माणूस त्या वेळी थोडं जास्त खातो हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण अशा जेवणानंतर पुढच्या खाण्याच्या वेळी आणखी जास्त खाल्लं जातं, हे फारसं कुणाला माहीत नसतं. पोट भरल्याचा निर्णय फक्त पोट घेत नाही, आपण मघाशी काय आणि किती खाल्लं याची आठवणही त्यात असते. लक्ष नसताना जेवलं की ती आठवण पुसट राहते. दुपारी तक्त्यातल्या आकड्यांवर नजर ठेवून जेवलेल्या माणसाला चार वाजता काहीतरी हवंसं वाटतं, त्याचं बीज बऱ्याचदा दुपारच्या जेवणात असतं. म्हणून चारच्या खाण्याची तक्रार घेऊन आलेल्या माणसाला मी आधी दुपारचं जेवण विचारते.

‘बसणं’ म्हणून सगळं एकाच मापाने मोजू नये, असं माझं ठाम मत आहे. पाहण्यांमध्ये जास्त टीव्ही बघणाऱ्यांच्या आहारात फळं-भाज्या कमी आणि गोड पेयं, तळलेलं, पाकिटातलं जास्त, असं पुन्हा पुन्हा आढळतं. कामाच्या खुर्चीतल्या तासांचा खाण्याशी संबंध तितका सरळ दिसत नाही. शिवाय पाहण्यांमधून दोन गोष्टी सोबत असतात एवढंच कळतं. दमलेला, झोप कमी झालेला माणूस जास्त बसतोही आणि जास्त खातोही. पण टीव्हीसमोर हात मोकळे असतात, जाहिराती खाण्याच्याच असतात आणि थांबायची वेळ ठरलेली नसते. कामाच्या तासांबद्दल स्वतःला टोचून घेणाऱ्यांनी आधी रात्रीच्या तासांकडे बघावं.

मग करायचं काय? उभं राहून काम करायचं टेबल घ्यावं का, असं हल्ली फार विचारतात. पाठीला, मानेला बरं वाटत असेल तर जरूर घ्या. वजनासाठी घेत असाल तर हिशेब माहीत असू द्या: उभं राहण्यात बसण्यापेक्षा मिनिटाला सरासरी 0.15 कॅलरी जास्त खर्च होते. सहा तास उभं राहिलात तर 54. उरला व्यायाम. दहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र केलेलं 2016 सालचं विश्लेषण सांगतं की रोज तासभर ते सव्वा तास बऱ्यापैकी वेगाने चालण्यासारखी हालचाल करणाऱ्यांमध्ये फार बसण्याशी जोडलेला अकाली मृत्यूचा वाढीव धोका जवळपास दिसेनासा होतो. टीव्हीच्या तासांचा धोका तेवढ्यानेही पूर्ण जात नाही. तेवढा वेळ ज्यांना मिळतो त्यांनी तो सोडू नये.

ज्यांना मिळत नाही, आणि माझ्याकडे येणारे बहुतेक असेच, त्यांना मी मधेमधे उठायला सांगते. त्यामागे कॅलरीचा हिशेब नाही. 2012 च्या एका प्रयोगात वजन जास्त असलेल्या मध्यमवयीन माणसांना दर वीस मिनिटांनी दोन मिनिटं चालायला लावलं, अगदी हळूसुद्धा. सलग बसून राहण्याच्या तुलनेत खाण्यानंतरची रक्तातली साखर आणि इन्सुलिन दोन्ही कमी चढलं. पुढे 2016 साली दुसऱ्या एका प्रयोगात दर तासाला पाच मिनिटं चालणाऱ्यांनी सांगितलं की उत्साह टिकला आणि खाण्याची वखवख कमी वाटली. चालण्याने भूक आणखी खवळेल ही भीती बऱ्याच जणांना असते. एवढ्याशा चालण्याने तसं होत नाही.

चारचं खाणं बंद करू का, हा शेवटचा प्रश्न ठरलेला असतो. करू नका. बंद केलेलं खाणं रात्री दुपटीने परत येतं, हे मी फार वेळा पाहिलं आहे. हवं ते घ्या, बशीत काढा, खुर्चीतून उठून दुसऱ्या जागी जाऊन खा आणि मग परत या. दुपारचं जेवण पडदा बंद करून होऊ दे, मग पंधरा मिनिटं फिरून या. दोन आठवडे एवढंच. काय खायचं, किती खायचं हे आपण त्यानंतर बोलू, कारण तोवर खरी भूक किती आहे हे तुम्हालाही कळलेलं नसतं आणि मलाही नाही.

आणि भूक अलीकडेच एकाएकी वाढली असेल, सोबत तहान फार लागत असेल, लघवीला वारंवार जावं लागत असेल किंवा खाऊनही वजन उतरत असेल, तर वही-रकाने बाजूला ठेवा. आधी डॉक्टरांना भेटा आणि रक्तातली साखर तपासून घ्या.