हॅनकॉकची फिनिश एकांकिका: उभ्या तालमी सुरू

मंडळी, संहिता एकदाची कायम झाली आणि उभ्या तालमींना लागलो.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या उत्तर टोकाला, तांब्याच्या खाणींच्या पट्ट्यात हॅनकॉक हे गाव आहे. १८६० च्या दशकात इथल्या क्विन्सी खाणीत फिनिश माणसं कामाला आली आणि पुढे त्यांची अख्खी वस्ती झाली. दर जानेवारीत इथे हेइकिनपाइवा हा हिवाळी उत्सव होतो, त्यात आमची हौशी मंडळी एकांकिका करणार आहेत. काळ १९१३ चा, इथल्या खाणकामगारांच्या संपाचा. स्थळ एका बोर्डिंग हाउसचं स्वयंपाकघर. दिवसपाळीचा माणूस उठला की त्याच खाटेवर रातपाळीचा झोपणार, आणि सगळ्यांची पोटं एका बाईच्या चुलीवर. गिरणगावातल्या खानावळी ज्यांनी ऐकल्या-पाहिल्यात, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

म्हणून त्या बाईला आम्ही कोपऱ्यातून उचलून मध्यभागी आणलं. पूर्ण प्रयोगभर ती खरोखर नीसू मळते. नीसू म्हणजे वेलदोड्याचा, वेणी घातलेला गोडसर पाव. वेलदोडे ती रंगमंचावरच कुटते. आधी तयार पूड वापरून पाहिली, पण खलबत्त्याचा ठोका सुरू झाल्यावर बाकीच्यांच्या हालचालींना आपोआप लय आली. शिवाय वास तिसऱ्या रांगेपर्यंत पोचतो.

ड्रिलचा प्रवेशही आता बसला. आधी ड्रिलवर दोघं असत. मग कंपन्यांनी एकट्याने चालवायचं यंत्र आणलं. अंधारात दरड कोसळली तर हाक द्यायला शेजारी कुणी नाही. संपाचं हे मोठं कारण, आठ तासांच्या मागणीइतकंच जिव्हाळ्याचं. आम्ही यंत्र दाखवतच नाही. दोघं मूकाभिनयाने ते पेलतात, एक विंगेत निघून जातो, दुसऱ्याचा खांदा तसाच वाकलेला. याहून जास्त काही नको.

उच्चारांचं काम माझ्याकडे आलंय आणि त्यात मला मनापासून आनंद मिळतो. फिनिश त, प, क आपल्यासारखेच, हवा न सोडता येतात. अमेरिकन नटांच्या तोंडी त्यांचे थ, फ, ख होतात. ऱ्हस्व-दीर्घही सांभाळावं लागतं. ‘तुली’ म्हणजे आग, ‘तूली’ म्हणजे वारा. जोर कायम पहिल्या अक्षरावर. तोंडासमोर कागदाची पट्टी धरून ‘त’ म्हणायचा, पट्टी हलता कामा नये. हा व्यायाम करून पाहा, मराठी नटांच्या इंग्रजीसाठी उलटा वापरता येईल.

सर्वांत मोठी चर्चा शेवटावर झाली. २४ डिसेंबर १९१३ ला जवळच्याच कॅल्युमेट गावातल्या इटालियन हॉलमध्ये, वरच्या मजल्यावर, संपकऱ्यांच्या मुलांसाठी नाताळचा कार्यक्रम होता. कुणीतरी ‘आग’ म्हणून ओरडलं. आग नव्हतीच. जिन्यात चेंगरून ७३ जण गेले, त्यातली ५९ मुलं. बहुतेक फिनिश. दारं आत उघडत होती म्हणून लोक अडकले असं सर्रास सांगतात, पण ते वादग्रस्त आहे. म्हणून ते वाक्य मी संहितेतून काढायला लावलं. जिना दाखवायचाच नाही, असंही ठरलं. इमारत १९८४ मध्ये पाडली, दाराची कमान तेवढी स्मारक म्हणून उभी आहे. इथला प्रेक्षक तिच्या समोरून रोज जातो.

माझं मत पहिल्यापासून एकच आहे: या लोकांचा वारसा म्हणजे नुसती ती संध्याकाळ नव्हे. दारूबंदीवाल्यांचं सभागृह असो की समाजवाद्यांचं, त्यांच्या प्रत्येक ‘हाली’त नाटकं होत. दिवसभर जमिनीखाली राबून रात्री पाठांतर करणारी माणसं होती ती. म्हणून आमची पात्रंही संपाच्या धामधुमीत नाटकाची तालीम करतात, आणि एकांकिका त्या तालमीतच संपते.

बाकी कामं: कोट अजून फार नवे दिसतात, कार्बाइडच्या दिव्याचा पिवळा उजेड एलईडीवर जमत नाही. लाकडी फळ्यांवर विंगेतून पावलांचा आवाज ध्वनिमुद्रण न वापरता कुणी केला असेल, तर माणसं किती आणि उभी कुठे केली ते सांगा. रंगीत तालमीआधी करून बघायचंय.