हवेतले तीनशे किलोमीटर

दोन छोट्या विमानतळांची नावं टाकली की संगणक क्षणात सांगतो: अंतर ३०० किलोमीटर, उड्डाण २२ मिनिटं. अंतराला ताशी ८०० च्या वेगाने भागलं, झालं. मला असे आकडे बघायचा नाद आहे. ते इतके नेटके असतात, आणि त्यांचं खऱ्या विमानाशी जवळजवळ काहीच देणंघेणं नसतं.

मुळात ते अंतर मोजतात कुठून कुठे? प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो, बहुधा धावपट्टीच्या मध्याच्या आसपास. तिथे कधी कुणी प्रवासी उभा राहत नाही. राहिला तर पुढचा प्रवास पोलिसांबरोबर. या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत पृथ्वीच्या गोलाईवरून जाणारी सगळ्यात आखूड रेघ म्हणजे आपले ३०० किलोमीटर.

विमान मात्र त्या रेघेला पहिल्याच मिनिटाला पाठ दाखवू शकतं. उडायचं आणि उतरायचं ते शक्यतो वाऱ्याकडे तोंड करून. जायचंय पूर्वेला आणि वारा पश्चिमेचा, तर आधी पश्चिमेकडे झेप, मग वळण. पोचल्यावर तेच: विमानतळ खिडकीतून मागे जाताना दिसतो, शेजारचा घाबरून आपल्याकडे बघतो, आणि विमान लांबून वळसा घेऊन परत येतं.

शिवाय उतार. १,००० फूट खाली यायला साधारण ३ सागरी मैल लागतात. म्हणजे २०,००० फुटांवरून उतरायला ६० सागरी मैल, अर्थात १११ किलोमीटर. एक तृतीयांश प्रवास नुसता उतरण्यात! चढण्यातही बरंच अंतर जातं. त्यात १०,००० फुटांच्या खाली अनेक देशांत २५० नॉटची, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरची वेगमर्यादा. जेटने आपला ८०० चा रुबाब दाखवायचा तरी कुठे? म्हणून अशा मार्गांवर पंख्यांची विमानं लाजत नाहीत. ताशी ५०० ने कागदावर ३६ मिनिटं होतात. जेटपेक्षा जेमतेम पाव तास जास्त, आणि प्रत्यक्षात तेवढीही नाहीत.

वारा तर हिशोबात नीट बसतच नाही. समोरून ताशी १०० चा वारा असेल तर त्या ३६ मिनिटांची ४५ होतात, येताना तोच वारा पाठीशी आला की ३०. बेरीज ७२ ऐवजी ७५. जाताना गमावलेलं येताना पुरतं वसूल होत नाही.

वेळापत्रक या सगळ्याला पुरून उरतं. त्यातला वेळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून दुसरीकडे जागेवर थांबेपर्यंतचा, आणि वर थोडा हातचा. मग वैमानिक अभिमानाने जाहीर करतो, ‘आपण दहा मिनिटं लवकर पोचत आहोत’, आणि आपण खूश. मीसुद्धा.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे ही जगातली सगळ्यात छोटी नियमित विमानसेवा आहे, अंतर सुमारे २.७ किलोमीटर. संगणकाच्या भागाकाराने बारा सेकंदांचं काम. तिथला विक्रम ५३ सेकंदांचा आहे. वेळापत्रकात लिहितात दोन मिनिटं. म्हणजे हातचा तिथेही सुटलेला नाही.