एप्रिलचा मेळावा आणि आमच्या बाई

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या महिला मंडळाचा वार्षिक मेळावा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असतो. 5 एप्रिल हा पंडिता रमाबाईंचा स्मृतिदिन, म्हणून. ईस्टर त्याच सुमारास आला की मेळावा पुढे जातो, ऊन आणखी तापतं आणि पत्र्याच्या मांडवाखाली पदराने वारा घेत बायका म्हणतात, "पुढच्या वर्षी जानेवारीत ठेवा गं." जानेवारीत ठेवायचं काही कुणी मनावर घेत नाही.

परकर नेसायची तेव्हापासून मी आईबरोबर या मेळाव्याला जाते. पेटी-तबल्यावर गायनं, वचनांच्या पाठांतराची स्पर्धा, वार्षिक हिशेबाचं वाचन (या वेळी हमखास डुलकी लागते), मग जेवण. पण खरी ओढ असायची ती शास्त्रपाठाची, कारण तो आमच्या बाई घ्यायच्या. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई दर बुधवारी दुपारी देवळाच्या, म्हणजे चर्चच्या, ओट्यावर बायकांचा बायबल वर्ग भरवत. वर्षभर ओट्यावर जे चाले, तेच मेळाव्यात मोठ्या प्रमाणावर.

बाई प्रवचन करत नसत. शास्त्रभाग दोनदा सावकाश वाचायच्या, पुस्तक मिटायच्या आणि ज्या बाईला वाचता येत नाही तिला आधी उठवायच्या. "सांगा मावशी, काय झालं?" मावशी लाजत लाजत सुरू करायच्या आणि मग थांबायच्या नाहीत. एका मेळाव्यात मार्था आणि मरीया या बहिणींचा भाग निघाला. मरीया प्रभूच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था एकटी राबत राहिली, तो. बाईंनी विचारलं, कुणाचं बरोबर? सगळा मांडव मार्थेच्या बाजूने. "पाहुणे आल्यावर एकीने बसून राहायचं म्हणजे काय!" स्वयंपाकाच्या पाळीवर असलेल्या बायका हातात झारा घेऊन भांडायला बाहेर आल्या. बाई हसत होत्या. मग म्हणाल्या, "ठीक आहे. पण मरीयेला उठवायचं, की प्रभूलाच कांदा चिरायला बसवायचं?" यावर पाळकसाहेबांनाही हसू आवरेना.

दुपारनंतर रमाबाईंचं चरित्र. कुणी पाहुणा वक्ता बोलावला की बायका झोपतात, हे बाईंनी फार लवकर ओळखलं होतं. म्हणून त्यांनी चरित्राचे तुकडे केले आणि दर वर्षी चिठ्ठ्या टाकून ते वाटून दिले. एकीने सांगायचं, दुसरीने पुढे न्यायचं. कलकत्त्याचा तुकडा कुणालाच नको असे. 1874च्या दुष्काळात आईवडील गेले, भावाबरोबर देशभर पायी वणवण झाली, 1878मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी संस्कृतची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या, मग भाऊ गेला, बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि 1882मध्ये तेही गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. एवढी मरणं पाच मिनिटांत सांगायची म्हणजे जीव दमून जातो. इंग्लंडचा तुकडा, 1883चा बाप्तिस्मा, तिथल्या सिस्टरांशी धर्ममतांवरून झालेले वाद, हे कॉलेजात शिकलेल्या सुना घेत.

केडगावचा तुकडा मात्र एका आजींकडे राखीव होता, त्याला चिठ्ठी नव्हती. त्यांची आई तिथल्या, रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. 1897च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो मुली आणल्या, पुढे गुजरातच्या दुष्काळातल्या आल्या, हे आजी दोन वाक्यांत उरकायच्या. त्यांचा जीव छापखान्यात. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर करत होत्या, खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत, आणि ते छापायचं कामही मुक्तीतल्या बायकाच करत. आजींच्या आईने तिथे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले होते. आजी डावा तळवा पुढे धरायच्या आणि उजव्या चिमटीने त्यावर एकेक न दिसणारा खिळा ठेवत जायच्या. "उलटी अक्षरं हं, उजवीकडून डावीकडं वाचायची." शेवटी बोटं परकराला पुसल्यासारखी करायच्या, शाईची. पहिल्या रांगेतली लहान मुलं ते पाहून आपापल्या तळव्यावर खिळे मांडू लागत.

शेवटच्या तुकड्यासाठी चुरस असे. 1921मध्ये मनोरमा गेली, रमाबाई स्वतः खंगलेल्या, आणि बायबलची मुद्रितं तपासायची बाकी होती. ती संपेपर्यंत दहा दिवस दे, अशी त्यांनी प्रार्थना केली आणि काम संपल्यावरच डोळे मिटले, असं सांगतात. पुरं बायबल 1924मध्ये बाहेर आलं. हा तुकडा कुणीही सांगितला तरी मांडवात पदर डोळ्यांना लागायचेच. बाईंना ते फारसं आवडत नसे. "रडायचंय तर रडा, पण उद्या दोन ओळी वाचा," म्हणायच्या.

मला स्वतःला शारदा सदनाचा तुकडा सगळ्यात आवडतो, कारण त्यावर कधी एकमत झालंच नाही. 1889मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे विधवांचं घर पुढल्या वर्षी पुण्याला आलं. धर्माच्या बाबतीत ढवळाढवळ होणार नाही, असं ठरलेलं. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे, मुली येऊन बसत. गावभर बोभाटा झाला, 'केसरी'ने झोड उठवली आणि 1893मध्ये रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. आमच्या मेळाव्यात ही गोष्ट अनेक वर्षं रमाबाईंचा विजय म्हणूनच सांगितली जायची. एका वर्षी नव्याने आलेल्या एका सुनेने हात वर केला. "बाई, पण त्या मुलींच्या घरच्यांना विचारलं होतं का? माझी मुलगी असती तर मी चिडले असते."

मांडवात कुजबुज. मागून कुणीतरी म्हणालं, "अगं, ख्रिस्ती असून असं काय बोलतेस?" बाईंनी तिला गप्प केलं आणि सुनेला पुढे बोलावून बसवलं. एक म्हणाली, दार लावून घ्यायला हवं होतं. दुसरी म्हणाली, स्वतःच्या खोलीतही दार लावून देवाचं नाव घ्यायचं का? तिसरी म्हणाली, घरच्यांनी त्या पोरींचं केशवपन केलं तेव्हा पोरींना कुणी विचारलं होतं? जेवणाची बुंदी तशीच ताटात राहिली होती, आता चहासुद्धा निवला. पाच वाजता एसटी धरायची असलेल्या बायका चपला घालून उभ्या राहूनच भांडत होत्या, आणि बाई वहीत पुढच्या बुधवारचा विषय लिहीत होत्या.