घडीचा चाकू

खिशातल्या चाकूची स्प्रिंग तुटली, म्हणून आज भर उन्हात नागपूरची इतवारी पालथी घातली. चकचकीत माल भरपूर. काळी पाती, दातेरी पाठ, मुठीत होकायंत्र. अरे, मला कैरी चिरायची आहे, जंगल नाही तोडायचं!

शेवटी एका जुन्या भांडेवाल्याकडे मनासारखे चाकू निघाले. पातं उघडून, टोकाशी धरून डावीउजवीकडे हलवून पाहिलं. एकात बारीक टकटक, म्हणजे सांधाच ढिला. त्याला रिव्हेट होतं, म्हणजे ठोकून बसवलेला खिळा; तो स्क्रूसारखा आवळता येत नाही. दुसऱ्याला स्क्रू, वर लायनर लॉक. म्हणजे पातं पूर्ण उघडलं की मुठीतली पत्र्याची पट्टी आडवी सरकून पात्याच्या बुडाला टेकते आणि अंगठ्याने बाजूला केल्याशिवाय चाकू मिटत नाही. ती नीट टेकते की नुसती कडेला अडकते, हे उजेडात धरून बघत बसलो. दुकानदार म्हणे, "काय पाहून राहिले भाऊ एवढं? चाकूच तर आहे!"

कार्बन स्टीलचाही होता. त्याला धार पटकन चढते, पण कैरी-लिंबाने तो काळा पडतो, ओला ठेवला की गंजतो. आमच्या घरी पुसून ठेवणारं कोण आहे? स्टेनलेस घेतला.

दुकानातली धार मात्र नावापुरतीच. महाल-इतवारीकडे दगडावर हाताने धार लावून देणारं कोणी माहीत असेल तर सांगा. ग्राइंडरवाले नकोत, पातं तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं.